कोलोरॅडोत बेसमेंट फिनिश करताय? मग भिंती वरून टांगायच्या

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या डेन्व्हरजवळच्या ऑरोरा-पार्करच्या बाजूला ओळखीतल्या पाच-सहा जणांनी बेसमेंट फिनिश करायला, म्हणजे रिकाम्या तळघरात भिंती घालून राहण्याजोग्या खोल्या करायला काढलं आणि प्रत्येकाचा मला फोन ठरलेला, "अरे तू घरीच केलंस ना, ते फ्लोटिंग वॉल काय प्रकरण आहे, यूट्यूबवर तर कोणीच करताना दिसत नाही." दिसणार कसं, व्हिडिओ टाकणारे निम्मे लोक ओहायो नाहीतर न्यू जर्सीत बसलेत, त्यांच्या घराखालची माती गप्प पडून असते, आपल्या घराखालची जिवंत आहे. फ्लोटिंग वॉल म्हणजे वरून टांगलेली आणि खाली जमिनीपासून फट (गॅप) सोडलेली भिंत. फोनवर तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

आधीच सांगतो, मी कॉन्ट्रॅक्टर नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, दोन हिवाळे घालवून शनिवार-रविवारी हे काम केलं, परमिट काढून केलं आणि फ्रेमिंगच्या (भिंतींच्या लाकडी सांगाड्याच्या) इन्स्पेक्शनमध्ये एकदा नापासही झालो, ते पुढे येईलच.

माती समजली तर पुढचं सगळं समजतं

मी मूळचा परभणीचा. काळ्या रानात मे महिन्यात ज्या भेगा पडतात त्यात लहानपणी आम्ही कोपरापर्यंत हात घालायचो (आणि साप असेल म्हणून मार खायचो), आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटून रान असं फुगायचं की पाय उचलता उचलत नाही. घर बांधायचं तर आजोबांचा एकच हट्ट, मुरूम लागेपर्यंत पाया खोदा, काळ्या मातीवर भिंत ठेवायची नाही. इथे घर घेतलं, सॉइल रिपोर्ट वाचला आणि हसूच आलं, सात समुद्र ओलांडून परत त्याच मातीवर येऊन बसलो.

म्हणजे रंग वेगळा, जात तीच. आपल्याकडे दख्खनचा काळा दगड झिजून ती चिकणमाती झाली, इथे रॉकीजच्या पायथ्याशी, फोर्ट कॉलिन्सपासून डेन्व्हर, कोलोरॅडो स्प्रिंग्ज ते पुएब्लोपर्यंतच्या पट्ट्यात, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रात साठलेल्या गाळात ज्वालामुखीची राख मिसळली आणि त्या राखेची बेंटोनाइट नावाची माती झाली. दोन्हीकडे मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे पापुद्रे असतात, पाणी मिळालं की ते पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि माती फुगते, वाळली की आक्रसते. त्यात डेन्व्हरला वर्षाला जेमतेम १४-१५ इंच पाऊस-बर्फ मिळून पाणी पडतं, म्हणजे ही माती मुळात कोरडीठाक, तहानलेली. मग आपण येतो, घर बांधतो, समोर हिरवं लॉन लावतो, उन्हाळाभर स्प्रिंकलर सोडतो, छताचं पाणी पायाशी ओततो. ती फुगणार नाही तर काय करणार.

आता जोर किती ते बघा. बेसमेंटच्या जमिनीचा चार इंची काँक्रीट स्लॅब असतो (आपल्याकडे स्लॅब म्हणजे डोक्यावरचा, इथे पायाखालचा, म्हणून मी सरळ कोबा म्हणणार आहे) त्याचं स्वतःचं वजन चौरस फुटाला साधारण ५० पाउंड. आणि फुगणाऱ्या मातीचा वर ढकलण्याचा जोर चौरस फुटाला काही हजार पाउंड असू शकतो. म्हणजे कोबा तिला जड वाटतच नाही, ती त्याला ताटावरच्या पापडासारखा उचलते.

बिल्डरला हे माहीत असतं. म्हणून इथली बरीच घरं कॅसनवर उभी असतात, म्हणजे खोल भोकं पाडून काँक्रीटचे खांब खालच्या पक्क्या थरात नेऊन रोवलेले, त्यावर फाउंडेशनच्या भिंती, आणि खांबांच्या मधल्या भागात भिंतीखाली पुठ्ठ्याचे खोके ठेवून मुद्दाम पोकळी सोडलेली, की माती फुगली तर त्या पोकळीत फुगेल. थोडक्यात मुरूम लागेपर्यंत खोदणं, इंजिनिअरच्या भाषेत. पण कोबा मात्र या सगळ्यापासून सुटा असतो, तो नुसता मातीवर पसरलेला असतो, कडेने फाउंडेशनच्या भिंतीला चिकटलेला नसतो. घर जागच्या जागी, कोबा वर-खाली, असा हिशोब आहे.

आणि इथेच आपण घोळ घालतो. घर आणि कोबा यांच्या मधे आपण घट्ट लाकडी भिंत बसवतो, खाली कोब्याला ठोकलेली, वर जॉइस्टला, म्हणजे वरच्या मजल्याच्या तुळयांना टेकलेली. कोबा एक इंच उचलला की ती भिंत गाडीच्या जॅकसारखी वरचा मजला उचलते. पार्करमध्ये एकाने जुनं घर घेतलं, बेसमेंट आधीच्या मालकाने कुठल्यातरी हँडीमनकडून बिनापरमिट करून घेतलेलं, दिसायला एकदम चकाचक. दुसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या पँट्रीचं दार अडकायला लागलं, मग दाराच्या कोपऱ्यातून तिरपी चीर, मग किचनच्या टाइल्समध्ये लांबच लांब भेग. तो बिचारा सुताराला बोलवून वरची दारं तासत बसला आणि दुखणं होतं खाली. शेवटी बेसमेंटच्या भिंतींचे पाय कापावे लागले.

हातोडी उचलण्याआधी

घराच्या कागदपत्रांची फाइल काढा. कोलोरॅडोत १९८४ पासून कायदा आहे, नवीन घर विकताना बिल्डरने क्लोजिंगच्या (व्यवहार पुरा होऊन घर नावावर होण्याच्या) किमान १४ दिवस आधी मातीच्या तपासणीचा सारांश घेणाऱ्याला द्यायचा. घर जुनं घेतलं असेल तर तो तुमच्या हातात नसेल, मग सिटी किंवा काउंटीच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला विचारा. त्यात माती फुगण्याच्या बाबतीत लो, मॉडरेट, हाय की व्हेरी हाय ते लिहिलेलं असतं. हाय वाचून घाबरू नका, पण लो वाचून गॅप सोडायची नाही असंही करू नका, दोन लॉट सोडून माती बदलते.

दुसरं, तुमच्याकडे कोबा आहे की स्ट्रक्चरल फ्लोअर ते बघा. माती फारच वाईट असेल तिथे बिल्डर बेसमेंटची जमीनसुद्धा अधांतरी करतो, लाकडी किंवा स्टीलच्या तुळयांवर, खाली मोकळी जागा. पाय आपटला की पोकळ आवाज येतो, कुठेतरी खाली उतरायची झडप आणि हवा खेळायला पंखा असतो. असं असेल तर ही गॅपची भानगड तुम्हाला सहसा लागू नाही, फक्त ती झडप आणि पंखा झाकू नका म्हणजे झालं.

तिसरं, परमिट. आळस करू नका. इथल्या बहुतेक बिल्डिंग डिपार्टमेंटकडे बेसमेंट फिनिशचं एक पत्रक असतं, त्यात फ्लोटिंग वॉलचं चित्र काढून दिलेलं असतं, गॅप किती ते त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी किमान दीड इंच, काही ठिकाणी जास्त, तीन इंचापर्यंत. तुमच्या गावचं चित्र प्रिंट काढून बेसमेंटमध्येच चिकटवा, मी आणि यूट्यूब दोघांपेक्षा ते मोठं.

रेडॉनची (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सारी वायूची) टेस्ट पण आत्ताच करून घ्या, हा सगळा पट्टा त्या बाबतीत वाईट आहे, हवेच्या लिटरला ४ पिकोक्युरीच्या वर आकडा आला तर तो वायू बाहेर काढणारा पाइप-पंखा आधी बसवा, ड्रायवॉल (भिंतीवर लावायचे जिप्समचे बोर्ड) लागल्यावर ते काम दुप्पट होतं. आणि कुठे ओल दिसत असेल तर फ्रेमिंग राहू दे, आधी बाहेरचं पाणी बघा.

भिंतीची रचना

वाड्यात कडीपाट बघितलाय ना, त्या कड्या म्हणजे इथले जॉइस्ट. कडीला झोपाळा टांगतो तशी ही भिंत कडीला टांगायची आणि खाली फक्त ती पुढे-मागे हलू नये इतकी सोय करायची, एवढीच कल्पना आहे. सगळं वजन वर.

खालून वर सांगतो. कोब्यावर पहिली आडवी पट्टी, ती प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेली टू बाय फोर (नावाला दोन बाय चार इंचांचं लाकूड), कारण काँक्रीटला टेकलेलं साधं लाकूड ओल ओढतं. ती कोब्याला पक्की. तिच्यावर गॅप, नुसती हवा. गॅपच्या वर दुसरी आडवी पट्टी, साधं लाकूड, ही भिंतीची खरी खालची प्लेट, ही अधांतरी. तिच्यावर दर १६ इंचांवर स्टड, म्हणजे उभी लाकडं, वर आडवी टॉप प्लेट, आणि टॉप प्लेट जॉइस्टला पक्की. टू बाय फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच असतं हे विसरलात तर सगळा हिशोब चुकेल (पहिल्या दिवशी मी विसरलो होतो, तीन स्टड वाया).

बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे फाउंडेशनच्या काँक्रीट भिंतीला लागून ज्या भिंती करतो, त्यांनाही हे लागू आहे. लोकांना वाटतं ती तर काँक्रीटच्या शेजारी आहे, तिला काय होतंय. अहो पण ती उभी कोब्यावरच आहे ना. ती काँक्रीटपासून इंचभर सुटी ठेवा आणि तिलाही गॅप द्या. खांबाभोवतीचे बॉक्स, जिन्याखालचं कपाट, सगळ्याला गॅप. अपवाद एकच, घराचं वजन घेणारी भिंत बिल्डरने आधीच उभी केलेली असेल तर तिच्याखाली वेगळी सोय असते, तिला हात लावायचा नाही.

आता प्रत्यक्ष काम

आधी कोब्यावर सूत मारून घ्या, चॉक लाइन मिळते निळ्या भुकटीची. मग ती रेघ वर जॉइस्टवर न्यायची, लेझर असेल तर उत्तम, नसेल तर ओळंबा सोडा, आपल्या गवंड्यांचं शंभर वर्षं त्यावर भागलंय. भिंत जॉइस्टला आडवी जात असेल तर प्रश्न नाही, पण जॉइस्टला समांतर असेल आणि नेमका वर जॉइस्ट नसेल तर दोन जॉइस्टच्या मधे टू बाय फोरचे आडवे तुकडे मारून घ्यावे लागतात, मी दर १६ इंचांवर मारले, भिंत टांगायची आहे तर खुंटी मजबूत पाहिजे. आय आकाराचे इंजिनिअर्ड जॉइस्ट असतील तर खिळे फक्त खालच्या जाड पट्टीत, आणि ती पट्टी कुठेही कापायची नाही.

मग खालची ट्रीटेड प्लेट. काँक्रीटमध्ये बसणारे टॅपकॉन स्क्रू किंवा बार उडवून खिळा मारणारी रॅमसेटची गन, दोन्ही चालतं. मी टॅपकॉन वापरले कारण गनच्या आवाजाने मुलगी घाबरली. एक सावधगिरी, काही टाउनहोम वगैरेंमध्ये कोबा पोस्ट-टेन्शन्ड असतो, म्हणजे आत ताणलेल्या केबल असतात, तिथे भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. सहसा गॅरेजमध्ये तसा शिक्का किंवा पाटी असते.

आता माप, इथे घाई नको. कोबा कधीच सपाट नसतो. पाणसळ ठेवून बघाल तर माझ्याकडे एका १४ फुटी भिंतीच्या लांबीत पाच सूत फरक होता (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, होम डेपोच्या दुकानात कोणाला सांगू नका). म्हणून प्रत्येक भिंतीला तीन-चार जागी जॉइस्टच्या खालपासून कोब्यापर्यंत मापायचं आणि सगळ्यात कमी माप धरायचं, कारण कोबा जिथे सगळ्यात उंच आहे तिथेही गॅप पूर्ण मिळाली पाहिजे. बाकी ठिकाणी गॅप थोडी जास्त होईल, होऊ दे.

माझं सगळ्यात कमी माप आलं सव्वा सत्त्याण्णव इंच. त्यातून टॉप प्लेट दीड, अधांतरी प्लेट दीड, ट्रीटेड प्लेट दीड, म्हणजे साडेचार गेले. गॅप आमच्याकडे किमान दीड, पण मी दोन इंच ठेवली, अर्धा इंच मनाच्या शांतीसाठी. एकूण साडेसहा. राहिले पावणे एक्क्याण्णव, ती स्टडची लांबी. दुकानात ९२ ५/८ इंचांचे आधीच कापलेले स्टड मिळतात, आठ फुटी भिंतीसाठीचे, ते जसेच्या तसे लावायचा मोह होतो आणि बसत नाहीत म्हणून लोक गॅप खातात. कापा. करवत आहे ना.

भिंत जमिनीवर आडवी ठेवूनच जोडायची, टॉप प्लेट, स्टड, अधांतरी प्लेट, गुण्या लावून काटकोन बघायचा. अधांतरी प्लेटला पुढे येणाऱ्या मोठ्या खिळ्यांची भोकं भिंत उभी करण्याआधीच पाडून घ्या, नंतर स्टडच्या मधे ड्रिल वाकडंतिकडं धरून पाडणं म्हणजे छळ. मग ट्रीटेड प्लेटवर गॅपच्या जाडीचे ठोकळे ठेवायचे, माझ्या दोन इंचासाठी टू बाय फोरचा तुकडा अधिक अर्ध्या इंची प्लायवूड, दर चार फुटांवर एक. भिंत उचलून त्या ठोकळ्यांवर उभी करायची, गॅपमुळे भिंत बुटकी असते म्हणून ती जॉइस्टला न अडकता आरामात उभी राहते, हा एक फायदाच. वर जिथे फट राहील तिथे पातळ पाचरी घालून टॉप प्लेट जॉइस्टला पक्की करायची. वजन टांगलं जाणार आहे त्यामुळे इथे खिळ्यांची कंजुषी नको, प्रत्येक जॉइस्टला दोन तरी, मी जाड स्ट्रक्चरल स्क्रू वापरले.

मग ठोकळे काढायचे. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. माझी बाथरूमच्या मागची भिंत उभी केली, रात्रीचे अकरा वाजले, ठोकळे उद्या काढू म्हणून वर गेलो आणि तो उद्या तीन आठवड्यांनी आला, इन्स्पेक्टरच्या रूपाने. त्याने गुडघ्यावर बसून टॉर्च मारला, दोन ठोकळे कोपऱ्यात अजून तिथेच, आणि माझ्याकडे बघून नुसतं हसला. नापास. फी नाही पडली पण पुन्हा तारीख घ्यावी लागली. ठोकळा राहिला म्हणजे तिथे गॅप शून्य, सगळा जोर त्या एका बिंदूतून वर. त्यानंतर मी ठोकळ्यांना लाल टेप लावायला लागलो आणि मोजून ठेवायला आणि मोजून काढायला.

आता अधांतरी प्लेटमधून खालच्या ट्रीटेड प्लेटमध्ये जाणारे, भिंतीला पुढे-मागे हलू न देणारे मोठे खिळे. सिक्स्टी-डी म्हणतात, सहा इंच लांब, पाव इंचाहून किंचित जाड, हातात घेतल्यावर तंबूच्या खुंटीसारखे वाटतात. वरच्या अधांतरी प्लेटमध्ये भोक तीन सुताचं, म्हणजे खिळ्यापेक्षा मोठं, आणि खालच्या ट्रीटेड प्लेटमध्ये खिळा घट्ट. कोबा उचलला की ट्रीटेड प्लेट आणि तिच्यात रुतलेला खिळा दोघं मिळून वर सरकतात, वरच्या प्लेटच्या सैल भोकातून खिळा नुसता घसरतो, भिंतीला कळतही नाही. उलटं केलंत, वर घट्ट खाली सैल, तर खिळा काँक्रीटला टेकून राहील आणि गॅप फुकट. किती अंतरावर मारायचे ते गावच्या चित्रात असतं, सहसा ३२ ते ४८ इंच. माझ्या मापात दीड अधिक दोन अधिक दीड म्हणजे पाच इंच, खिळा सहा, त्यामुळे डोकं प्लेटच्या वर इंचभर राहतं. राहू दे, ठोकून खाली बसवू नका, कोरड्या वर्षात कोबा थोडा खाली बसला तर तेवढी जागा लागते. शेवटी खांद्याने भिंतीला धक्का द्या, पुढे-मागे डुलता कामा नये, आणि प्रत्येक खिळ्याचं डोकं पक्कडीने धरून हलवून बघा, वरच्या भोकात खुळखुळलं पाहिजे.

भिंत बरोबर करून लोक दारात चुकतात

दाराची चौकट भिंतीबरोबर टांगलेली आहे हे डोक्यात ठेवा. चौकटीचे पाय कोब्याला टेकले तर अख्ख्या भिंतीची गॅप वाया, जोर चौकटीतून जाईल. म्हणून जांबचे, म्हणजे चौकटीच्या उभ्या बाजूंचे दोन्ही पाय गॅपइतके वर कापायचे, त्यावरची केसिंगची (चौकटीभोवतीची शोभेची) पट्टीही तेवढीच वर, आणि दाराची फळीसुद्धा खालून तासायची, कारण फळीही भिंतीबरोबर तिथेच राहणार आणि जमीन वर येणार. दिसायला हे सुरुवातीला विचित्र दिसतं, बायको म्हणाली माप चुकलंय. कार्पेट आणि खालचं पॅड आलं की बरंच झाकलं जातं.

ड्रायवॉल अधांतरी प्लेटच्या खालच्या कडेला थांबवायचा, गॅपवर खाली आणायचा नाही. ड्रायवॉलवाले बाहेरून आणले असतील तर त्यांच्या डोक्यावर उभे राहा, सवयीने ते जमिनीपर्यंत आणतात.

बेसबोर्ड, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, वरच्या किंवा खालच्या फक्त एकाच प्लेटला ठोकायचा, दोन्हींना ठोकलात तर वर-खाली जोडलंत. नेहमीची पद्धत म्हणजे तो खालच्या ट्रीटेड प्लेटला ठोकायचा, मागे ड्रायवॉलच्या जाडीची अर्ध्या इंची पट्टी देऊन, म्हणजे तो ड्रायवॉलवर नुसता टेकतो आणि कोब्याबरोबर वर सरकतो. वरच्या कडेच्या फटीत पेंटरला कॉक (फटी बुजवायची लांबी) भरू देऊ नका, पहिल्याच उन्हाळ्यात तडकून काळी रेघ दिसते. आणि उंची बघून घ्या. ट्रीटेड प्लेट दीड अधिक गॅप दोन म्हणजे साडेतीन इंचांपर्यंत उघडंच आहे, वरच्या मजल्यावर लावलेला सव्वातीन इंची बेसबोर्ड इथे पुरत नाही, मी सव्वापाच इंची आणला.

गॅपमध्ये स्प्रे फोम मारू नका. आवाज येतो म्हणून एकाने मारला, तो वाळून कडक झाला, आता ती भिंत फ्लोटिंग नाही, नुसती महागडी आहे. आवाजाचं फारच असेल तर फायबरग्लासचा हलका तुकडा सैल ठेवा.

बाकी गोष्टी भराभर

फर्नेस (घर तापवणारं यंत्र) कोब्यावर बसलेला असतो आणि त्याचे डक्ट, म्हणजे गरम हवेचे पत्र्याचे नळ, जॉइस्टला टांगलेले, म्हणजे तोच प्रश्न, मधे दबू शकणारा लवचिक जोड पाहिजे. बहुतेक घरात बिल्डरने दिलेला असतो, तो पत्रा ठोकून बंद करू नका. गॅसची नळी लवचिक असावी. कोब्यातून वर येणारे ड्रेनचे पाइप भिंतीत घट्ट बांधू नका, त्यांना सरकता जोड लागतो, हे प्लंबरला पहिल्याच दिवशी सांगा. बाथरूममध्ये टॉयलेट आणि टब कोब्याबरोबर वर-खाली होतात आणि भिंतीच्या टाइल्स टांगलेल्या राहतात, म्हणून त्यांच्या जोडात ग्राउट (टाइल्सच्या फटीतलं कडक सिमेंट) न भरता सिलिकॉन. व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट) किंवा बारची कपाटं एकतर भिंतीला टांगा नाहीतर जमिनीवर ठेवा, दोन्हीकडे स्क्रू मारू नका. जिना वरून टांगलेला असेल आणि खाली फट दिसत असेल तर ती बिल्डरची चूक नाही, मुद्दाम आहे, फट भरू नका.

बेडरूम करणार असाल तर बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते, मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, उंची २४ इंच, रुंदी २० इंच, आणि तिचा उंबरा जमिनीपासून ४४ इंचांच्या आत. फाउंडेशनलगतच्या भिंतीमागे जी पोकळी राहते तिथे आग वर चढू नये म्हणून वरच्या बाजूला आणि दर १० फुटांवर फायर ब्लॉकिंग, हे इन्स्पेक्टर हमखास बघतो. संप पंप (तळघरात साठणारं पाणी उपसणारा), पाण्याचा मेन व्हॉल्व्ह, क्लीनआउट (ड्रेन साफ करायचं तोंड) या तिघांपुढे झडप ठेवा.

बाहेरचं पाणी

खरं तर हे सगळ्यात आधी यायला हवं होतं, कारण पाणी नाही तर फुगणं नाही. घरापासून पहिल्या दहा फुटांत जमिनीला सहा इंच तरी उतार पाहिजे. पाच-सात वर्षांत पायाजवळची भराव माती बसते आणि उतार उलटा होतो, तेव्हा तिथे चिकणमातीच आणून दाबून भरा, वाळू किंवा खडी भरलीत तर ती पाणी पिऊन सरळ खाली सोडते. छताच्या पाइपांचे तोंड पाच फूट तरी लांब न्या, आणि तो दुमडता पाइप लॉन कापताना वर केला की परत खाली करा, आमच्याकडे हे काम मुलाचं आणि तो दर वेळी विसरतो. भिंतीला लागून गुलाब, मोगऱ्याची कुंडी, ठिबक, काही नको. कमी पाण्याच्या बागेला इथे झेरिस्केप म्हणतात, तो शब्दच डेन्व्हर वॉटरने १९८१ मध्ये काढलाय, पाणी वाचवायला म्हणून, पण त्याने पायाही वाचतो. तुळस मी मागच्या डेकवर ठेवलीय, पायापासून लांब, आईची नाराजी पत्करून.

नंतर बघायचं काय

फर्नेसची खोली मी मुद्दाम ड्रायवॉलशिवाय सोडली, तिथून दोन भिंतींची गॅप उघडी दिसते. तिथल्या एका स्टडवर पेन्सिलने तारीख आणि गॅप लिहून ठेवतो, वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर आणि ऑक्टोबरमध्ये स्प्रिंकलर बंद केल्यावर. माप नेहमी एकाच खिळ्याजवळ घ्यायचं, म्हणून त्या खिळ्याच्या डोक्याला लाल नेलपॉलिश लावलंय. पहिल्या वर्षी काहीच नाही, दुसऱ्या एप्रिलला सूतभर कमी, मग मागे जाऊन बघितलं तर त्या कोपऱ्यातला डाउनस्पाउटचा, म्हणजे छताचं पाणी खाली आणणारा पाइप निखळून पायाशीच ओतत होता. तो लावला, पुढच्या ऑक्टोबरला आकडा तिथेच थांबला. गॅप अर्ध्या इंचाच्या जवळ यायला लागली तर मात्र वाट बघू नका, बेसबोर्ड काढून, ड्रायवॉल थोडा वर कापून, स्टडचे पाय छाटून प्लेट वर घेऊन बसवावी लागते, दोन-तीन दिवसांचं धुळीचं काम आहे, पण वरच्या किचनच्या टाइल्स बदलण्यापेक्षा स्वस्त. स्टडवर सध्या पाच ओळी झाल्यात, शेवटची १ इंच ७ सूत.